दोरा, पृथ्वीगोल आणि मॉरिशसचं विमान

भाची लग्नानंतर पहिल्यांदा मॉरिशसला निघाली. तिकिटावर मुंबई सकाळी 6.00, मॉरिशस 10.30. ताई म्हणाली, "साडेचार तासांत पोचेल." साडेदहा झाले, अकरा झाले, साडेअकरा झाले, फोन येईना. ताईने देव पाण्यात ठेवले. बारा वाजून गेल्यावर फोन आला, "आई, आत्ताच उतरले गं." विमानाला उशीर झालाच नव्हता. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते, एवढंच आमच्या घरात कुणी ताईला सांगितलं नव्हतं. मी भूगोलाची शिक्षिका, मी तरी सांगायला हवं होतं. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी अंतर. भिंतीवरचा नकाशा नको, पृथ्वीगोलच घ्या. माझा 30 सेंटिमीटर व्यासाचा आहे. शिवणाचा दोरा विषुववृत्तावरून फिरवला की साधारण 94 सेंटिमीटर भरतो. खऱ्या पृथ्वीचा तो घेर 40,075 किलोमीटर, म्हणजे एका सेंटिमीटरला सुमारे 425 किलोमीटर. आता दोरा मुंबईवर धरून मॉरिशसपर्यंत ताणा. 11 सेंटिमीटर, म्हणजे 4,675.

गोल नसेल तर अक्षांश-रेखांश घ्या. मुंबई 19.1 उत्तर, 72.9 पूर्व. मॉरिशसचा विमानतळ 20.4 दक्षिण, 57.7 पूर्व. इथे मुलं हमखास चुकायची: एक ठिकाण उत्तरेला, दुसरं दक्षिणेला, म्हणून अक्षांशांची बेरीज करायची, वजाबाकी नाही. 39.5 अंश. रेखांश मात्र दोन्ही पूर्वेचे, त्यांची वजाबाकी, 15.2. विषुववृत्ताजवळ एक अंश साधारण 111 किलोमीटरचा, म्हणून दोन्हींना 111 ने गुणा आणि पायथागोरस लावा. उत्तर जवळजवळ 4,700 किलोमीटर, दोऱ्याच्या अगदी शेजारी. हा हिशोब जुळतो तो वाट विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना सारखी पसरली आहे म्हणून. लंडन–न्यूयॉर्कला तो लावू नका. लंडनजवळ रेखांशाचा एक अंश जेमतेम 69 किलोमीटरचा होतो. तिथे दोराच खरा.

आता वेळ. जेट विमान उंचीवर ताशी 850 ते 900 किलोमीटर जातं. मी 850 धरते: साडेपाच तास. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यांचा अर्धा तास मिळवा. झाले सहा. अटलांटिकवर आणखी एक गोष्ट बघावी लागते. तिथे उंचावर पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो, त्यामुळे न्यूयॉर्कहून लंडनला सुमारे सात तासांत पोचणारं विमान परत जाताना तासभर जास्त घेतं. आपली वाट बरीचशी उत्तर-दक्षिण, इथे तेवढा फरक पडत नाही.

राहिलं घड्याळ. भारताची वेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची, मॉरिशसची 60 अंशांची. फरक 22.5 अंशांचा, दर अंशाला 4 मिनिटं, म्हणजे दीड तास. मॉरिशस आपल्या मागे. जाताना सहा तास मिळवून दीड वजा करा: सहाचं विमान साडेदहाला. येताना सहाही मिळवा आणि दीडही.

आणि येताना तारीख नक्की बघा. तिथून रात्री 8 ला सुटलेलं विमान मुंबईत पहाटे 3.30 ला उतरतं, दुसऱ्या तारखेला. न्यायला जाणाऱ्याने ती तारीख दिनदर्शिकेवर आजच लिहून ठेवावी.