फ्रॅटर्निटी चॅप्टरचा स्थापनादिवस शोधायचा कसा

गणेश मंडळाच्या पावतीपुस्तकावरचं स्थापनावर्ष आणि धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीचं वर्ष बहुधा जुळत नाही. अमेरिकन कॉलेजांतल्या फ्रॅटर्निटींचंही, म्हणजे ग्रीक अक्षरांची नावं घेणाऱ्या मुलांच्या संघटनांचंही, तेच. त्यांच्या एकेका कॉलेजातल्या शाखेला चॅप्टर म्हणतात. दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या पोरांनी काढलेल्या चॅप्टरांनी पंचाहत्तरी गाठली आहे. स्मरणिकेचं काम तिथे शिकणाऱ्या एखाद्या मराठी सदस्याच्या गळ्यात पडलं, तर त्याने भिंतीवरच्या फ्रेममधल्या चार्टरवर, म्हणजे राष्ट्रीय संघटनेने दिलेल्या मान्यतापत्रावर, विसंबू नये.

आधी कागदावर चार रकाने आखा: स्थानिक क्लबची पहिली बैठक, कॉलेजची मान्यता, राष्ट्रीय संघटनेकडे केलेला अर्ज आणि चार्टर मिळाल्याचा दिवस. चार्टरवर यातली शेवटचीच तारीख असते. पहिल्या बैठकीपासून तिथवर कधी काही महिने जात, कधी दोन-तीन वर्षं. पाचवा रकाना शंकेसाठी ठेवा: हे चॅप्टर युद्धाआधी होतंच का? १ जुलै १९४३ पासून नौदलाचा व्ही-१२ प्रशिक्षणक्रम १३१ कॉलेजांत सुरू झाला, बाकीची मुलं भरती झाली आणि सदस्यच न उरल्याने अनेक चॅप्टर बंद पडले. १९४५-४६ मध्ये ते पुन्हा उघडले, तेव्हा विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रांनी त्यालाही ‘स्थापना’ म्हटलेलं आढळतं. १९३८ ते १९४२ ची इयरबुकं (कॉलेजची सचित्र वार्षिकं) चाळली की उलगडा होतो.

मग वर्तमानपत्र. १९४५ च्या फॉलपासून (शरद सत्र) १९५० च्या स्प्रिंगपर्यंतचे (वसंत सत्र) अंक ओळीने बघा. माजी सैनिकांसाठीच्या २२ जून १९४४ च्या जीआय बिल या कायद्यामुळे सरकार त्यांची वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी भरू लागलं आणि १९४७ मध्ये कॉलेजांतले जवळजवळ निम्मे विद्यार्थी माजी सैनिक होते. क्लब निघाले ते या गर्दीतून. डिजिटल शोधात नुसती ग्रीक नावं टाकाल तर हाती फार लागणार नाही. सुरुवातीला क्लबचं नाव वेगळंच असे आणि ग्रीक शब्द संगणक हमखास चुकीचे वाचतो. अध्यक्षाच्या आडनावाने शोधा. इयरबुकाच्या बाबतीत एक खोच आहे: १९४९ च्या पुस्तकातला गटाचा फोटो बहुधा १९४८ च्या फॉलमधला असतो. कव्हरवरचं वर्ष फोटोखाली टाकलं की स्थापनादिवस वर्षभर पुढे सरकलाच.

चार्टरवरची नावं म्हणजे संस्थापकांची यादी नव्हे. चार्टर मिळण्याच्या समारंभात एखादा प्राध्यापक किंवा जुना क्लब-सदस्यही सामील करून घेत. उलट, क्लब उभा करून आधीच पदवी घेऊन गेलेला मुलगा त्यात नसायचा. म्हणून वर्गणीची वही शोधा. पहिल्या पानावर ज्यांच्या नावापुढे पैसे जमा आहेत, ते सुरुवातीपासूनचे.

‘सगळे संस्थापक माजी सैनिक होते’ हे वाक्य प्रत्येक स्मरणिकेत असतं. ते नावागणिक तपासा. १९७३ मध्ये सेंट लुईसच्या सैनिकी नोंदींच्या अभिलेखागाराला लागलेल्या आगीत नोव्हेंबर १९१२ ते १९५९ अखेर सेवामुक्त झालेल्या लष्करी सैनिकांच्या सुमारे ८० टक्के फायली जळाल्या. त्यामुळे ‘फाइल सापडत नाही’ या उत्तराचा अर्थ ‘तो सैन्यात नव्हता’ असा होत नाही. सेवामुक्तीचा कागद अनेकांनी गावी परतल्यावर काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) कचेरीत नोंदवलेला असतो, तिथे विचारा. नौदलाच्या फायली या आगीतून वाचल्या.

घराचं खरेदीखतही काउंटीकडेच मिळतं. मात्र ते चॅप्टरच्या नावाने शोधू नका. घर बहुधा माजी सदस्यांच्या ‘हाउस कॉर्पोरेशन’च्या नावावर असतं. १९५० ची जनगणना २०२२ मध्ये खुली झाली. तिच्यात विद्यार्थ्यांची मोजणी पालकांच्या घरी न करता ते शिकत असताना राहत तिथे केली होती. पत्त्यावरून गणनाविभाग काढला की त्या एप्रिलमध्ये घरात कोण राहत होतं, याची यादी फुकटात मिळते.

संघटनेची मूळ घटना, म्हणजे नियमावली, वाचताना सदस्यत्वाचं कलम गाळू नका. कित्येक राष्ट्रीय संघटनांत प्रवेश फक्त गोऱ्यांना, किंवा फक्त गोऱ्या ख्रिश्चनांना होता. १९४८ मध्ये ॲमहर्स्ट कॉलेजातल्या फाय काप्पा साय चॅप्टरने एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला घ्यायचं ठरवलं, तेव्हा संघटनेने चॅप्टरलाच निलंबित केलं. आपल्या चॅप्टरने त्या काळात काय केलं, हे बैठकांच्या इतिवृत्तात मिळेल. आणि ते छापण्यावरून माजी सदस्य कुरकुरतील, हे धरून चाला.

कागद हाताळताना गंजलेले स्टेपल ओढू नका, मागून पातळ पात्याने उघडा. अल्बमला चिकटलेला फोटो सुटा करायच्या भानगडीत न पडता अख्खं पान स्कॅन करा: मजकूर ३०० डीपीआय, फोटो ६००. मागे लिहिलेली नावंही स्कॅन करा. ओळख पटते ती तिथूनच. नोंदी पेन्सिलीने करा आणि लॅमिनेशन मुळीच नको. दीक्षाविधीची वही सापडली तर स्कॅन न करता पदाधिकाऱ्यांच्या हाती द्या. तो मजकूर गुप्त असतो आणि स्थापनेच्या तारखेसाठी त्याची गरजही नसते.