पंपावर कार्ड देण्याआधी हे बघा

पेट्रोल भरताना आपलं लक्ष मीटरच्या आकड्यांवर असतं. कार्डाच्या खाचेकडे कोण बघतो? स्किमर, म्हणजे कार्डाची माहिती चोरणारं छोटं यंत्र, लावणाऱ्याला तेच हवं असतं.

कार्ड घालण्याआधी खाचेभोवतीची चौकट चिमटीत धरून जरा हलवून बघा. मूळ यंत्र घट्ट बसलेलं असतं. वरून चिकटवलेलं खोटं तोंड हलतं, थोडं पुढे आलेलं दिसतं किंवा शेजारच्या पंपापेक्षा त्याचा रंग वेगळा वाटतो. कीपॅडची बटणं जाड किंवा दाबायला जड वाटली, तर तो पंप सोडा. पंपाच्या झाकणावरचं सील फाटलेलं असेल तरीही. अर्थात, काही स्किमर झाकणाच्या आत बसवलेले असतात, ते बाहेरून दिसतच नाहीत.

म्हणून मी तरी कार्ड टॅप करूनच पैसे देतो. स्किमर मुख्यतः काळ्या चुंबकीय पट्टीवरची माहिती उचलतो, आणि ती दर वेळी तीच असते. चिप किंवा टॅपमध्ये प्रत्येक व्यवहाराला नवा कोड तयार होतो. तो चोरला तरी पुन्हा चालत नाही. टॅपची सोय नसेल तर आत काउंटरवर पैसे द्या.

पिन टाकताना दुसऱ्या हाताचा आडोसा करा, छुपा कॅमेरा बहुधा वरून बघत असतो. पंपावर डेबिट कार्ड शक्यतो टाळा, कारण पैसे थेट खात्यातून जातात. व्यवहाराचे एसएमएस चालू ठेवा. अनोळखी रक्कम दिसली की आधी कार्ड ब्लॉक, मग बँकेत तक्रार.