नसांमधी ब्लॉकेज कसं तयार होतं हे घरच्यांना नीट कसं समजून सांगायचं

आपल्याकडं ब्लॉकेज म्हटलं की सगळ्यांना शेतातल्या ड्रिपची नळी आठवते, क्षार साचला, चोक झाली, अ‍ॅसिड सोडलं की मोकळी. मी पण आमच्या अण्णांना असंच सांगितलं अन् तिथंच चुकलो. ते म्हणाले मला चढावर दम लागत नाही, छातीत दुखत नाही, म्हणजे नळी मोकळीच आहे की, मग कोलेस्टेरॉलची गोळी काहून खायची. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट नॉर्मल आला होता (तो गोळीमुळंच नॉर्मल आला होता) म्हणून त्यांनी गोळी बंद केली.

त्यामुळं ड्रिप सोडा, गावातली जुनी पांढऱ्या मातीची भिंत दाखवा. भिंत आतून ओल धरते, वरून काहीच दिसत नाही, मग गिलावा जरासा फुगतो, बोटानं वाजवला तर पोकळ वाजतो, अन् एक दिवस पोपडा धपकन खाली येतो. धमनीतलं, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नसेतलं दुखणं असंच भिंतीच्या आतलं आहे. धमनीला आतून एकाच पेशीच्या जाडीचं अस्तर असतं, बीपी, शुगर, बिडी-सिगारेटचा धूर यांनी ते दुखावतं, मग रक्तातलं एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल त्याच्या खाली शिरून अडकतं आणि तिथंच खराब होतं. ते खायला पांढऱ्या पेशी येतात, खाऊन खाऊन फुगतात अन् तिथंच मरतात, त्याचा चरबीचा लगदा होतो, शरीर त्याच्यावर एक टोपण चढवतं, पुढं त्यात कॅल्शियम पण साचतं. डॉक्टर याला अ‍ॅथेरोस्क्लेरोसिस म्हणतात.

आता हे नीट लक्षात घ्या, सुरुवातीला हा फुगवटा धमनीच्या बाहेरच्या अंगाला वाढतो, रक्ताची वाट तेवढीच राहते, म्हणून वर्षानुवर्षं काहीच त्रास होत नाही. चालताना छाती भरून येते ती साधारण ७० टक्के वाट बंद झाल्यावर. पण अटॅक यायला तेवढं ब्लॉकेज लागतच नाही, लहान फुगवट्याचं पातळ टोपण फाटलं की तिथं रक्त गोठतं आणि थोड्याच वेळात वाट बंद.

हे म्हातारपणाचं दुखणं आहे असं कुणी म्हणलं तर त्यांना सांगा, कोरियाच्या युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदयं तपासून १९५३ साली निष्कर्ष छापले होते, सरासरी वय २२ आणि ७७ टक्के पोरांच्या धमन्यांत हे सुरू झालेलं होतं. म्हणून घरातल्या तिशीच्या माणसाचं पण लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी) करून घ्या, बीपी अन् शुगर त्याच दिवशी. रिपोर्टमधी नुसतं टोटल बघू नका, एलडीएल बघा, साधारण १००च्या आत पाहिजे, अटॅक येऊन गेला असेल तर ७०च्या पण खाली, कुणाला किती हे डॉक्टरच ठरवतील.

खाण्याचं म्हणाल तर डालडा बंद, तळून उरलेलं तेल परत कढईत टाकणं बंद, आपलं करडईचं तेल चांगलंच आहे पण ते पण मोजून. तंबाखू सोडायची, मळून खायची असो की ओढायची. आणि एक गोष्ट लई जणांना पटत नाही, बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं लिव्हरच बनवतं, म्हणून नुसत्या पथ्यानं सगळ्यांचं भागत नाही. स्टॅटिनची गोळी लिव्हरमधलं ते बनणं कमी करते आणि त्या फुगवट्याचं टोपण पण घट्ट करते. लसूण खा, काढा प्या, पण गोळीच्या बदल्यात नको, अन् डॉक्टरला न विचारता गोळी बंद तर अजिबात नको.

छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं, हात-जबडा दुखायला लागला, गार घाम सुटला तर गॅस झालाय म्हणून सोडा पित बसू नका, १०८ला फोन लावा, लगेच ईसीजी काढा. शुगरवाल्यांना आणि बायांना कधी कधी नुसता दम अन् घामच येतो, छातीत दुखत पण नाही.

आमचे अण्णा पहाटे तीनला ओवा चावत ओट्यावर बसलेले सापडले. अंबाजोगाईला पोचेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. गुठळी विरघळवल्यावर अँजिओग्राफी (हृदयाच्या नसांची तपासणी) केली तर गुठळीखालचं ब्लॉकेज ४० टक्केच निघालं. आता गोळ्यांची पट्टी दिवळीत चष्म्याच्या डबीजवळ असते, जेवणं झाली की आई स्वतः उठून पाण्याचा तांब्या घेऊन येते आणि गोळी गिळेपर्यंत अण्णांसमोरून हलत नाही.