एक तांब्या, तीन धडे

माझ्या चित्रकलेच्या वर्गात तिसरीतली मुलं येतात, एलिमेंटरीला बसणारी येतात आणि निवृत्त झालेले काकाही. सगळ्यांपुढे मी तोच पितळी तांब्या ठेवते. काम मात्र ज्याचं त्याला वेगळं.

लहानांना खोडरबर देऊ नका. तेलखडू द्या, तांब्या हाताळू द्या आणि कागदभर काढू द्या. प्रमाण चुकलं तरी बोट ठेवू नका.

एलिमेंटरीवाल्यांचं घोडं लंबगोलाशी अडतं. तोंडाच्या दोन्ही कडा ते टोकदार करतात, बुडाला सरळ रेघ मारतात. आधी एचबी पेन्सिलीने हलकी उभी मध्यरेषा काढा. हात ताठ, एक डोळा बंद, पेन्सिलीवर उंची-रुंदी मोजा. तांब्या नजरेखाली असेल तर बूड तोंडापेक्षा अधिक खाली असतं, म्हणून त्याची रेषा जास्त वाकते. हे एकदा हाताला कळलं, की घागर, बादली, कप सगळं जमतं.

काकांना लगेच जलरंग हवे असतात. द्यावेत, पण आधी एकच, बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी. चकाकीची जागा कोरी सोडा. पांढरा रंग थापून कागदाचा तो उजळपणा येत नाही. पहिला हात वाळल्यावरच दुसरा द्या. पावसाळ्यात तर धीर धराच.