बायोचिपचं डिझाइन शिकताना: आपल्याकडच्या मुलामुलींसाठी

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी, शेतमजूर दगावले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती आणि माझे बाबा तसल्याच वावरात पंप घेऊन शिरत होते. कीटकनाशक किती आहे हे जागच्या जागी मोजता यावं, या एका ध्यासापायी मी इलेक्ट्रोडवाल्या बायोचिपकडे, म्हणजे एखादा रेणू ओळखून विजेचा संकेत देणाऱ्या छोट्या चिपकडे, वळलो.

तुम्ही या क्षेत्रात येणार असाल तर आधी रेणू ठरवा आणि तो कशात शोधायचा ते ठरवा: विहिरीच्या पाण्यात, रक्तात की भाजीवर. चिपचं चित्र त्यानंतर. माझ्या विषयाचंच घ्या. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली फवारणीची औषधं शरीरातलं ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम निकामी करतात. तेच एन्झाइम इलेक्ट्रोडवर बसवून त्याला ॲसिटिलथायोकोलिन द्यायचं. एन्झाइम शाबूत असेल तर थायोकोलिन तयार होतं, इलेक्ट्रोडवर त्याचं ऑक्सिडेशन होतं आणि करंट मिळतो. नमुन्यात औषध असेल तर करंट घटतो. औषध नेमकं कोणतं, हे मात्र त्यातून कळत नाही, कारण कार्बामेट या दुसऱ्या गटातली कीटकनाशकंही हाच परिणाम करतात. एन्झाइम इलेक्ट्रोडची कल्पना क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ मध्ये मांडली. रक्तातली साखर तपासायची पट्टी त्याच घराण्यातली. ती पट्टी आधी नीट समजून घ्या, अर्धा विषय तिथेच कळतो.

चित्र काढायला केलेआउट हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. तीन इलेक्ट्रोड लागतात: वर्किंग (जिथे अभिक्रिया होते), रेफरन्स (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात) आणि काउंटर (जो करंटचं सर्किट पूर्ण करतो). काउंटर हा वर्किंगपेक्षा मोठा ठेवा, रेफरन्स वर्किंगच्या जवळ. सोनं काचेला धरत नाही, म्हणून खाली क्रोमियम किंवा टायटॅनियमचा पातळ थर द्यावा लागतो. करंट क्षेत्रफळावर अवलंबून असतो, त्यामुळे वरच्या इन्सुलेशनमधली खिडकी, म्हणजे इलेक्ट्रोडचा उघडा राहणारा भाग, नेमकी आखा, नाहीतर दोन चिपांचे आकडे कधी जुळणार नाहीत. आणि कनेक्टरचे पॅड ऐसपैस ठेवा. सुरुवातीला अगदी बारीक रेषांच्या मागे लागू नका, दहा मायक्रॉनच्या रेषांनी भरपूर शिकता येतं.

चिप हातात आली की थेट एन्झाइम टाकायची घाई करू नका. सौम्य गंधकाम्लात व्होल्टेज पुढे-मागे फिरवत सोनं स्वच्छ करा, दर फेरीचा करंट-व्होल्टेजचा वक्र एकावर एक बसेपर्यंत. मग पोटॅशियम क्लोराइडमध्ये फेरी-फेरोसायनाइड हे चाचणीचं द्रावण घेऊन सायक्लिक व्होल्टामेट्री करा, म्हणजे व्होल्टेज पुढे-मागे फिरवत करंट मोजा. दोन शिखरांमधलं अंतर आदर्श स्थितीत सुमारे ५९ मिलिव्होल्ट असतं. ते दीडशे-दोनशेवर गेलं तर पृष्ठभाग मळलेला आहे किंवा जोडणी सैल आहे, असं समजून आधी तेच तपासा. वक्रावर बारीक लाटा दिसल्या तर ५० हर्ट्झचा गोंगाट शिरलेला असतो. पत्र्याच्या डब्यात चिप ठेवून डब्याला पोटेन्शिओस्टॅटचं (व्होल्टेज देऊन करंट मोजणाऱ्या यंत्राचं) अर्थिंग द्या, बहुतेक वेळा वक्र लगेच गुळगुळीत होतो. आपल्याकडच्या कॉलेजांत अर्थिंग धड नसतं, त्यामुळे ही युक्ती लक्षात ठेवाच.

एन्झाइमला आपला उन्हाळा सोसत नाही. मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा उघड्यावर ठेवलेल्या चिपची संवेदनशीलता झपाट्याने उतरते. गावात वापरायचं यंत्र म्हणायचं तर साठवण हाही डिझाइनचाच भाग धरा, आणि तापमानाची चाचणी पहिल्याच टप्प्यात करा.

क्लीनरूम, म्हणजे चिप बनवायची धूळमुक्त खोली, गावाजवळ नाही म्हणून थांबू नका. इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्रॅममधून आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या आयआयएससीच्या सुविधा बाहेरच्या कॉलेजांतल्या लोकांना मिळतात, प्रशिक्षणही देतात. अर्ज करताना रेणू, नमुना आणि चिपचं काढलेलं चित्र सोबत जोडा. तुमच्या विभागप्रमुखांचं पत्र आधीच घेऊन ठेवा, तेच मिळायला सर्वात जास्त वेळ लागतो.