पूरग्रस्त कुटुंब घरी ठेवून घेण्यापूर्वी

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळुणात शिरले, ते ओसरल्यावरही घरांतील चिखल काढण्यात आणि भिंती वाळण्यात बरेच दिवस गेले. त्याच्या आदल्या वर्षी, ३ जूनच्या निसर्ग चक्रीवादळानंतर, रायगडातील अनेक गावे कित्येक दिवस विजेविना होती. म्हणून आश्रयाला येणारे कुटुंब दोन रात्रींत परतेल असे गृहीत न धरता तयारी निदान महिन्याभराची ठेवावी.

पहिला विचार पाण्याचा करावा. वीज गेली की पंप बंद पडतो, तेव्हा रहाटाचा दोर आणि पोहरा पावसाळ्यापूर्वीच तपासून घ्यावा. विहिरीत पुराचे पाणी गेले असल्यास ती उपसून ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ब्लीचिंग पावडर टाकून घ्यावी आणि तरीही पिण्याचे पाणी उकळूनच द्यावे. माणशी रोज किमान १५ लिटर पाणी सर्व कामांसाठी धरले, तर पाच पाहुण्यांचे ७५ लिटर होतात. एवढे पाणी हाताने कोण ओढणार, हेही आधीच ठरलेले बरे.

झोपण्याची सोय पडवीत करण्याचा मोह होतो, परंतु जुलैची झड तिथे थेट आत येते. माजघराचा एक कोपरा साडीचा पडदा लावून त्या कुटुंबाला पूर्णपणे द्यावा. बायकांना कपडे बदलायला आडोसा, सॅनिटरी पॅड आणि ओले कपडे वाळवायला एक दोरी, या गोष्टी मागायला त्या संकोचतात. न मागता द्याव्यात.

पुराच्या पाण्यातून चालत आलेल्यांचे पाय साबणाने धुवायला लावून जखमा पाहाव्यात. पुराच्या पाण्यातून जखमेवाटे शिरणाऱ्या जंतूंमुळे होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचा धोका असल्याने प्रतिबंधक गोळ्यांबाबत प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच दिवशी विचारावे, आणि पुढच्या तीन-चार आठवड्यांत ताप आल्यास अंगावर काढू देऊ नये. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या बहुधा घरीच राहिलेल्या असतात, त्यांची चौकशी पहिल्याच संध्याकाळी करावी.

जेवणाचे फारसे अवघड नसते. उकडे तांदूळ, कुळथाचे पीठ आणि सुकट घरात असतेच. मात्र दोन-तीन दिवसांनी पाहुणीने चुलीपाशी हात लावायचे म्हटले, तर तिला अडवू नये.

पंचनाम्याला तलाठी येतील तेव्हा घरमालक आपल्या पडक्या घरापाशी हजर असलेला बरा. त्यासाठी आधार कार्ड, रेशन कार्ड आणि बँकेचे पासबुक वाळवून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावे, आणि तो तिकडे गेला की त्याची मुले कोणाजवळ थांबतील, हे आदल्या रात्री ठरवून घ्यावे.