सॅमनसाठी संध्याकाळी सरोवरात निघताना या चुका टाळा

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील आणि रावपुऱ्यातील किती तरी मराठी घरांची मुले आता टोरांटोच्या आसपास स्थिरावली आहेत, आणि उन्हाळ्यात त्यांच्याकडे निघालेली मंडळी जाण्यापूर्वी माझ्याकडे येऊन ओंटारिओ सरोवरातील सॅमनबद्दल विचारतात. मी टोरांटोशेजारच्या मिसिसागात 19 वर्षे काढली आणि त्यांतील बहुतेक उन्हाळ्यांत तिथल्या पोर्ट क्रेडिट बंदराहून नाव घेऊन ट्रोलिंगला, म्हणजे चालत्या नावेमागे गळ ओढत मासेमारीला, जात असे. परत आलेल्यांच्या हकिकती ऐकल्या की त्याच त्या चुका पुन्हा समोर येतात, आणि त्यांतील बहुतेक गळ लवकर पाण्यात पडावा या घाईपोटी झालेल्या असतात.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे काल मासा जिथे लागला त्याच खोलीवर आज गळ सोडणे. चिनूक जातीचा सॅमन खोलीला नव्हे, पाण्याच्या तापमानाला धरून राहतो. साधारण 10 ते 13 अंश सेल्सिअसचे पाणी त्याला मानवते. ऑगस्टमध्ये हवा शांत असली तर वरचे पाणी 20 अंशांच्या पुढे जाते आणि हा थंड थर बऱ्याचदा 15 ते 20 मीटरांवर सापडतो. परंतु पश्चिमेचा जोरदार वारा सुटला की पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचे उबदार पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे उत्तर किनाऱ्यापासून दूर ढकलले जाते आणि त्याची जागा घ्यायला तळचे थंड पाणी वर येते. एका रात्रीत सगळा हिशेब बदलतो.

माझा भाचा पहिल्यांदा आला तेव्हा नेमके हेच घडले. पहिल्या संध्याकाळी आम्हाला 22 मीटरांवर दोन मासे मिळाले, रात्रभर पश्चिमेचा वारा वाहिला, आणि दुसऱ्या दिवशी त्याने नाव थांबते न थांबते तोच डाउनरिगरचा गोळा, म्हणजे गळ हव्या त्या खोलीवर धरून ठेवणारे केबलला बांधलेले वजन, पुन्हा 22 मीटरांवर सोडला. “मामा, कालची जागा आहे, उगाच वेळ कशाला घालवायचा?” असे त्याचे म्हणणे होते. दीड तास काहीही लागले नाही. अखेर मी तापमापक पाण्यात धरला, तेव्हा वरचेच पाणी 12 अंशांवर आलेले दिसले. गोळे 6 मीटरांवर घेतले आणि सूर्य मावळताना पहिला रॉड वाकला. तेव्हापासून पाण्याचे तापमान वरपासून खालपर्यंत मोजून झाल्याशिवाय मी कोणालाही रॉडला हात लावू देत नाही. त्यात दहा मिनिटे जातात, आणि ज्यांना ती जड वाटतात त्यांना मी नावेवर नेत नाही.

तो मासा मात्र हाती आला नाही. चिनूक पहिल्या झटक्याला कित्येक मीटर तंगूस ओढून नेतो आणि त्याला ते नेऊ द्यायचे असते. रीलचा आवाज ऐकून भाचा घाबरला, त्याने मासा धावत असतानाच ड्रॅग, म्हणजे तंगूस किती ओढीला सुटावा हे ठरवणारा रीलचा ब्रेक, आवळला, आणि तंगूस तुटून फ्लॅशरसकट (माशाला खेचणाऱ्या चकचकीत पट्टीसकट) सगळे सरोवरात गेले. ड्रॅग घरीच, स्प्रिंगच्या काट्याने लावून ठेवावा. 20 पौंडांचा ताण सोसणारा तंगूस मी 5 पौंडांच्या ओढीला सुटू देतो आणि मासा लागल्यावर ड्रॅगला हात लावत नाही. हाताच्या अंदाजाने लावलेला ड्रॅग बरोबर असतो असे सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

वेगाच्या बाबतीतही लोक जीपीएसच्या आकड्यावर विसंबतात. मी ताशी 3.5 ते 4.5 किलोमीटरांच्या दरम्यान राहतो, पण जीपीएस नावेचा जमिनीच्या संदर्भातला वेग सांगते. खाली गोळ्याजवळचा प्रवाह त्याला कळत नाही. एकाच दिशेने जाताना मासे लागतात आणि परतताना लागत नाहीत, याचे कारण बहुधा हेच असते. मी गोळ्याच्या केबलकडे पाहतो आणि दोन्ही दिशांना ती सारखीच मागे झुकेल असा वेग ठेवतो. केबल 30 अंश झुकली असेल, तर किती केबल सोडली ते मोजणारा काउंटर 25 मीटर दाखवत असताना गोळा सुमारे 21-22 मीटरांवरच असतो, हेही ध्यानात ठेवावे.

नाव झटकन वळवू नये. आतल्या बाजूचे गळ मंदावून खाली जातात, बाहेरचे वर येतात आणि तंगूस एकमेकांत गुंततात. नवख्याने दोनच रॉड लावावेत. स्पून, म्हणजे चमच्यासारखे धातूचे आमिष, खाली सोडण्यापूर्वी नावेशेजारी ओढून तो नीट डुलतो का ते पाहावे. मासा लागल्यावर इंजिन बंद करू नये. जाळे शेपटीकडून घालू नये, स्थिर धरून माशाला डोक्याच्या बाजूने त्यात आणावे.

सुरसागराच्या काठी वाढलेल्या माणसाला समोरचा काठ दिसण्याची सवय असते. सुमारे 19,000 चौरस किलोमीटरांच्या या सरोवरात संधिप्रकाशाची वेळ मासेमारीला उत्तम असली, तरी अंधार पडताच दिशा हरवते. म्हणून लाल, हिरवा आणि पांढरा हे नावेचे दिवे मी धक्क्यावरच लावून पाहतो, आणि जीवरक्षक जाकीट बाकाखाली न ठेवता अंगात घालायला लावतो. वरचे पाणी 12 अंशांचे असेल त्या संध्याकाळी पाण्यात पडलेल्या माणसाला जाकीट चढवायला हात साथ देत नाहीत.

मासा मिळालाच तर त्याचे कल्ले लगेच कापून रक्त वाहू द्यावे आणि धक्क्याची वाट न पाहता तो बर्फात घालावा. बर्फाची पेटी मी निघण्यापूर्वीच अर्धी भरून घेतो.